प्राण्यांची यादी जुलैत करावी : गोव्यातल्या लहान प्राणीसंग्रहालयात काय ठेवायचं, काय नाही

डिसेंबरातल्या रविवारी गोव्यातल्या बोंडल्याच्या प्राणीसंग्रहालयात गेलात तर तिकिटाच्या रांगेत एक प्रश्न हमखास कानावर पडतो, "वाघ आसा मगो?" प्रश्न लहान मुलाचा असतो आणि त्यात वावगं काही नाही. पण संग्रहालयात कोणते प्राणी ठेवायचे हे ठरवणारी बैठकसुद्धा ह्याच प्रश्नापासून सुरू होते, तिथे गाडी घसरते.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरी गाईम्हशींत गेली. मधूनमधून वन्यप्राण्यांसाठी बोलावणं यायचं, त्यातून अशा याद्या करणाऱ्या बैठकांना बसलो. एका यादीवर माझी सही आहे आणि तिची मला अजून लाज वाटते, ते पुढे येईल. हा लेख वनखात्यातल्या नव्या मुलांसाठी, सल्लागार समितीवर नेमणूक झालेल्या शिक्षकांसाठी आणि "आमच्या गोव्याच्या झूमध्ये अमुक का नाही?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

१. प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहा

कोरा कागद घ्या. मनात येतील ते सगळे प्राणी लिहा, वाघ-सिंहासकट. मग प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहायचं : हा इथे कशासाठी? १९९८ च्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालय धोरणाप्रमाणे संग्रहालयाचं मुख्य काम वन्यजीव रक्षणाच्या देशभरातल्या प्रयत्नांना हातभार लावणं हे आहे. करमणूक आपोआप होते, तिच्यासाठी वेगळं वाक्य लागत नाही.

"हा प्राणी दुर्मिळ होतोय, त्याची पैदास करणाऱ्या साखळीत आपण एक कडी होऊ" हे वाक्य चालेल. "हा आपल्याच रानात राहतो, पण कुणाला दिसत नाही" हेही उत्तम. "फासात अडकून पाय गमावलाय, परत सोडता येणार नाही" हे तर नाकारताच येत नाही. "लोकांना आवडतो" एवढंच सुचलं, तर नाव खोडू नका, पण बाजूला काढून ठेवा. चौथ्या पायरीपर्यंत बहुतेक ते आपणच गळतं.

२. जागा पावसात बघा

बहुतेक पाहणी दौरे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत होतात. हवा छान, रस्ते कोरडे, चहा गरम. त्या हवेत हिमालयातलं अस्वलही गोव्याला मानवेल असं वाटतं.

जागा बघायची तर जुलैत, दुपारी तीनच्या सुमारास, गमबूट घालून. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त. अशा वेळी कोरडा खंदक तळं होतो. जांभ्या दगडाच्या भिंतीवर बोटभर शेवाळ चढतं. काँक्रीटच्या उतारावर माणूस घसरतो, तर खूर असलेल्या जनावराचं काय होत असेल? चार महिने ओल्या चिखलात उभं राहिलेल्या सांबराचा पाय मी हातात धरून पाहिला आहे. खुराच्या बेचक्यातली कातडी भिजून पांढरी पडलेली, मधे चीर गेलेली, आणि त्या चिरेतून येणारा वास असा की कीपरने तोंड फिरवलं. ते जनावर आजारी म्हणून आलं नव्हतं. त्याला उंच, निचऱ्याची, मुरूम घातलेली जागा मिळाली नाही, एवढंच.

म्हणून प्रत्येक नावापुढे दुसरं वाक्य लिहा : हा जुलैत कुठे उभा राहील? काळविटाचं नाव इथेच जातं. काळवीट उघड्या, कोरड्या माळावरचा प्राणी. त्याला सत्तरी तालुक्यातल्या पावसात चार महिने उभं करणं म्हणजे दरवर्षी औषधाचं कपाट रिकामं करणं. उलट गवा, सांबर, भेकर ह्यांच्या अनेक पिढ्या ह्याच पावसात वाढल्या. त्यांनाही कोरडा ओटा आणि छप्पर लागतंच, पण ओढाताण कमी होते.

यंत्रं लावून हवामान बदलता येतं हे खरं. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आले, ते थंड केलेल्या खोलीत राहतात. मुंबई महापालिकेच्या तिजोरीला ते झेपतं. आपल्याकडे पावसात झाड पडलं की वीज कधी येईल ते वीजखात्यालाही ठाऊक नसतं. ज्याचा जीव विजेच्या तारेवर लोंबकळतो असा प्राणी लहान संग्रहालयाने घेऊ नये, ह्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

जुलैनंतर एकदा मे महिन्यातही जा. तेव्हा प्रश्न उलटा असतो : पाणी कुठून?

आणि कुंपणाबाहेर काय आहे ते बघा. बोंडल्याचं अभयारण्य जेमतेम ८ चौरस किलोमीटरचं, पण भोवती रान आहे. रानातली माकडं गव्यासाठी ठेवलेला खुराक पळवतात. गावातली गुरं कुंपणाला अंग घासतात. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प हे रोग गुरांकडून गव्याकडे, हरणांकडे जातात. त्यामुळे गवा ठेवायचा तर आजूबाजूच्या वाड्यांवरच्या गुरांचं लसीकरण हा तुमच्या खर्चाचा भाग झाला. माकडवर्गाचं नाव लिहिताना तर जास्तच सांभाळा. २०१५ पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग गोचिडांतून पसरतो आणि माकडं त्यात बळी पडतात.

३. कायदा एकदाच नीट वाचा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून थोडक्यात. प्राणीसंग्रहालयांना मान्यता देण्याचं काम केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाकडे. ते १९९२ पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्या, चार उरल्या, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या फायलीतला अनुसूचीचा आकडा बघून नवा अर्ज भरू नका. अनुसूचित प्राणी विकत घेता येत नाही. मान्यताप्राप्त संग्रहालयांत देवाणघेवाण होते, तीही प्राधिकरणाच्या परवानगीनेच. हत्तीचं नाव लिहिलं असेल तर खोडा : संग्रहालयांतले हत्ती शिबिरांत हलवावेत असा निर्णय प्राधिकरणाने २००९ मध्येच घेतला आहे.

कोणत्या प्राण्याला किमान किती जागा, ह्याचेही निकष आहेत. वाघाच्या जोडीला १००० चौरस मीटर, बिबट्याच्या जोडीला ५००. हे किमान आहे. आमच्याकडे ते कमाल समजून आराखडे काढतात.

४. आता नावं गाळा

मोठी संग्रहालयं आपल्या शेजारीच आहेत. म्हैसूर आहे, मंगळुरूचं पिलिकुळा आहे. त्यांची छोटी, फिकट नक्कल काढण्यात काय हशील? लहान संग्रहालयाने एक गोष्ट धरावी आणि ती नीट सांगावी. आपल्याकडे ती गोष्ट सह्याद्रीची आहे. काही नावं घेऊन बघू.

गवा. राज्यप्राणी, म्हणून यादीत असावाच असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो, पण कारण वेगळं. मोलेच्या रस्त्यावर रात्री गाडीसमोर आलेला गवा म्हणजे एक काळी भिंत आणि दोन हिरवे डोळे. तो नीट, उजेडात, श्वास ऐकू येईल इतक्या जवळून बघायची सोय असली पाहिजे. पूर्ण वाढलेला नर ८०० ते १००० किलोपर्यंत जातो. लोखंडी पाइपचं कुंपण तो मनावर घेत नाही. खंदक आणि दगडी भिंत हवी, आणि खंदकाचा उतार पावसात ढासळणार नाही असा हवा. एकटादुकटा गवा ठेवू नये, तो कळपाचा प्राणी. आजारी पडला की वेगळा कोंडायला घट्ट, अरुंद खोडा आधीच बांधलेला हवा. खोडा नसेल तर मला बोलावून उपयोग नाही, मी भिंतीवरून हात हलवणार आणि परत जाणार.

बिबटा. मागवायची गरजच नाही, तो येतोच. कधी विहिरीत पडलेला, कधी रानडुकरासाठी लावलेल्या फासातून सोडवलेला. ज्याला परत रानात सोडता येतं त्याला सोडावं. जो जन्मभर अपंग राहणार, त्याला ठेवावं. पैदास मात्र करू नये. तुमचा पिंजरा तुमच्या पिल्लांनी भरला तर उद्या खरोखर गरज असलेला बिबटा कुठे ठेवणार? आणखी एक : सोडवून आणलेला प्राणी आणि लोकांना दाखवायचा प्राणी ह्या दोन वेगळ्या याद्या आहेत. माणसाला बघून भिंतीवर डोकं आपटणाऱ्या जखमी बिबट्यासमोर शाळेची सहल उभी करणं हा छळ आहे.

पिसोरी, आपली पिसय. जेमतेम तीन किलोचं हरीण, शिंगं नाहीत, अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे. गोव्यात जन्मलेल्या किती जणांनी जिवंत पाहिलंय? हैदराबादच्या नेहरू प्राणीसंग्रहालयाने पिसोरीची पैदास करून ती अमराबादच्या जंगलात सोडली आहेत. म्हणजे वाट मळलेली आहे, विचारायला माणसं आहेत, जागा कमी लागते, पावसाची सवय आहे. अडचण एवढीच की ती लाजाळू आहे आणि दिवसा दडून बसते. त्यासाठी दिवसरात्रीचा उजेड उलटा केलेलं घर बांधावं लागतं. लोक पाच मिनिटं काळोखात उभं राहायला तयार होतील का? माझ्या यादीत ती वाघाच्या वर आहे. बैठकीत मात्र हे बोललं की लोक माझ्याकडे "ह्याचं वय झालं" अशा नजरेने बघतात.

मगर. इथे मी माझ्याच मताविरुद्ध दोनदा गेलो आहे. दुर्भाट, बोरी, आडपई भागात पौषी अमावास्येला मातीची मगर घडवून पुजतात, त्याला मांगे थापणी म्हणतात. अशा राज्याच्या संग्रहालयात मगर नको तर कुठे? पण त्याच मगरी कुंभारजुव्याच्या कालव्यात, होडीत बसून, मोकळ्या बघायला मिळतात. तासाभराच्या अंतरावर जो प्राणी स्वतःच्या घरी दिसतो, त्याला काँक्रीटच्या हौदात कशाला ठेवा? शिवाय मगर एका वेळी पंचवीस-तीस अंडी घालते. १९७५ साली देशात मगर प्रकल्प सुरू झाला, आणि कैदेतली मगरींची पैदास इतकी यशस्वी झाली की पुढे पिल्लांना जागा पुरेना. माझा सध्याचा निर्णय : विहिरीत, वस्तीत सापडलेली आणि सोडता न येणारी असेल तर एखादी ठेवावी. अंडी घातलीच तर उबू देऊ नयेत. फलकावर मात्र मांगे थापणीची मातीची मगर जरूर दाखवावी.

अस्वल. एक वेगळं कारण देतो. अस्वलाचं अन्न वाळवी आणि मुंग्या, म्हणजे वारूळ. आपली सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजली जाते. ह्या एका धाग्यावर शाळेच्या मुलांशी अर्धा तास बोलता येतं. अस्वलाला मात्र काम द्यावं लागतं : ओंडक्याला भोकं पाडून त्यात मध भरा, दगडांखाली खाणं लपवा. काम नसलेलं अस्वल एकाच वाटेवर येरझाऱ्या घालत राहतं, आणि लोक म्हणतात, "बघ, नाचतंय!"

खवल्या मांजर नको. ओडिशाच्या नंदनकाननने त्याची पैदास जमवली आहे, पण मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या प्राण्याला रोजचं अन्न बनवून देणं ही एक वेगळी विद्या आहे. ती शिकलेला माणूस नसेल तर हौसेने जीव घेण्यातला प्रकार.

माडगरूडासारख्या धनेश पक्ष्यांना पिंजऱ्याच्या लांबी-रुंदीइतकीच उंची द्या, नाहीतर घेऊ नका. अजगर, नागराज, घोरपड ह्यांना जागा थोडी लागते आणि लोक तिथून हलत नाहीत. फक्त नागराजाला खायला साप लागतात, ते नियमित कुठून आणायचे हे ठरवूनच त्याचं नाव लिहा.

आणि वाघ? पांढरा वाघ असेल तर सरळ नाही. १९५१ साली रेवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एका नराच्या वंशात आपसात जोड्या लावून ही रांग वाढवली. तिरळे डोळे आणि व्यंगं त्यातूनच आली. साध्या पिवळ्या वाघाला नाही म्हणायला मला जड जातं. वाघ्रो देवाचे दगड पुजणारं आपलं राज्य, आणि जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या रानात विषाने मेलेले चार वाघही आपलेच. पण पिंजऱ्यातला एक वाघ त्या चौघांची भरपाई करत नाही. १००० चौरस मीटर, दोन निवाऱ्याच्या खोल्या, बंदूक चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि रोजचं मांस ह्यांची वीस वर्षांची तरतूद लेखी असेल तर आणा.

५. किती, ह्याचा हिशेब

आता माझी लाज.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान संग्रहालयात (नाव नको) आम्ही चितळ घेतली. एक नर, चार माद्या. देखणी, गरीब, खायला गवत. सही करताना कुणाच्या मनातही काही आलं नाही.

कागदावर हिशेब मांडा. मादी वर्षाला एक पिल्लू देते, त्यातली निम्मी माद्या, आणि मादी दोन वर्षांची झाली की स्वतः विते असं धरा. कुणी मेलं नाही तर पाचाचे पहिल्या वर्षी ९, मग १३, १९, २७ आणि पाचव्या वर्षाअखेर ३८. सुरुवातीचा बाप एकच, म्हणजे सगळी भावंडं. आमची मरतुक धरूनही आकडा असाच चढला. गवत संपलं, उरला चिखल. नर माजावर आले की एकमेकांची पोटं फाडायचे. मी टाके घालायचो आणि पुढच्या आठवड्यात तोच नर पुन्हा यायचा. दुसऱ्या संग्रहालयांना पत्रं पाठवली, तर उत्तर एकच : आमच्याकडेही चितळच जास्त आहेत.

म्हणून संख्येची पायरी प्राणी येण्याआधी करा. जास्तीत जास्त किती ठेवणार तो आकडा लिहा. त्या आकड्याला पोहोचल्यावर काय करणार तेही लिहा : नर आणि माद्या वेगळ्या ठेवणार, नसबंदी करणार, की सुरुवातीलाच फक्त नरांचा गट घेणार? शेवटचा पर्याय लोकांना विचित्र वाटतो. पण शिंगं असलेल्या चार नरांचा शांत गट, मादीचा वास नसेल तर, बघायलाही चांगला आणि सांभाळायलाही सोपा.

याच्या उलट, जो प्राणी वाढवायचाच आहे त्यासाठी रक्ताचं नातं नसलेली जनावरं मिळवा. देशात अशा प्राण्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवलेल्या असतात. कुणाचा बाप कोण हे विचारल्याशिवाय जोडी लावू नका. चंडीगडजवळच्या छतबीरला आफ्रिकी आणि आशियाई सिंहांची सरमिसळ झाली आणि शेवटी त्या सगळ्यांची पैदासच थांबवावी लागली.

६. ताटात काय, आणि वाढणार कोण

बिबट्याला दिवसाला तीन किलो मांस धरा. आठवड्यात एक दिवस उपास, ही मांसाहारी प्राण्यांची नेहमीची पद्धत. म्हणजे वर्षाला साधारण ९४० किलो. कैदेतला बिबटा वीस वर्षं जगू शकतो. एका बिबट्याला होकार देणं म्हणजे जवळजवळ १९ टन मांसाला होकार देणं. हे मांस आपल्याकडे बरंचसं घाटावरून येतं. वाहतूक अडली, संप झाला, चोर्ला घाटात दरड आली, तर फ्रीझरमध्ये किती दिवसांचा साठा? हा आकडा यादीत हवा.

मग माणसं. गोव्यात राखणदार म्हटलं की आधी देव आठवतो, पण पिंजऱ्याची किल्ली कमरेला असलेला हा राखणदार माणूस असतो आणि त्याला चतुर्थीला घरी जायचं असतं. पाचही दिवस. धोकादायक प्राण्याच्या पिंजऱ्यावर एका वेळी दोन माणसं हवीत. एक दार उघडतो, दुसरा बघतो. चतुर्थीच्या आठवड्याचं हजेरीपत्रक भरून बघा. ज्या प्राण्यापुढे दोन नावं लिहिता येत नाहीत, तो प्राणी तुम्हाला परवडत नाही.

७. शेवटचा रकाना

प्रत्येक नावापुढे शेवटी लिहा : हा इथून कसा जाणार? दुसऱ्या संग्रहालयात, रानात, की इथेच म्हातारा होऊन? म्हाताऱ्या प्राण्याला लोकांपासून दूर, सपाट जमिनीची, उन्हाची खोली लागते. ती आराखड्यात जवळजवळ कधीच नसते. नवा प्राणी येतानाही आधी महिनाभर वेगळा ठेवावा लागतो, त्यामुळे ह्या मागच्या खोल्या लोकांना दिसणाऱ्या पिंजऱ्यांच्या आधी बांधा. आणायचा मुहूर्त थंडीतला धरा. मे किंवा जुलैत ट्रकवर जनावर चढवू नका.

एवढं झाल्यावर तीस नावांची दहाबारा उरतात. ती यादी मंत्रालयात पाठवण्याआधी सर्वांत जुन्या कीपरला वाचून दाखवा, ऑफिसात बोलावून नव्हे, पिंजऱ्यापाशी जाऊन. आम्ही एकदा असं केलं. यादीत पाणमांजर होतं. सगळ्यांचं लाडकं, दोन सदस्यांनी तर चित्रंही आणली होती. म्हाताऱ्याने यादी शांतपणे ऐकली, खराटा भिंतीला टेकवला आणि एवढंच विचारलं, "मे म्हयन्यांत उदक खंयचें?"

हौद रोज भरायचा तर किती टँकर लागतील हे आम्ही कुणीच मोजलं नव्हतं. तिथेच उभ्याउभ्या मोजलं, आणि पाणमांजर खोडलं.